टायरवरची अक्षरं

मी इथे फारसं लिहीत नाही. पण आज दुपारी पलूसच्या एका टायरच्या दुकानात मला एका अनोळखी बाईचा फार हेवा वाटला.

आमचे हे गेल्यापासून गाडी मीच चालवते. या पावसात मुलीला साताऱ्याला कॉलेजवर सोडायचंय आणि टायर गुळगुळीत झालेत. टायर नेहमी तेच निवडायचे. मी आपली जाड नक्षीचे टायर दाखवून म्हणाले, "हेच बसवा."

शेजारी एक जोडपं होतं. नवरा वाकून टायरच्या कडेवरची अक्षरं वाचत होता.

"आवं, टायर वाचताय का पोथी?" बायको वैतागली.

"थांब की गं. ट्रेडवेअरचा आकडा मोठा म्हंजे टायर लय टिकंल. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागंल, ते ट्रॅक्शनचं अक्षर सांगतंय. बीपेक्षा ए चांगला."

"मला काय करायचंय? गाडी तुमीच चालवताय न्हवं?"

हेवा वाटला तो या वाक्याचा. मीही असंच म्हणायचे.

मी माझे टायर वाकून पाहिले. नक्षी जाड होती, ट्रॅक्शन मात्र बी. दुकानदाराला म्हणाले, "हे नकोत. ए असलेले दाखवा."

ती बाई गाडीत नवऱ्याशेजारी सीट मागे करून निवांत निघून गेली. घरी येईपर्यंत मला तिचा रागच येत होता.

तुमच्या घरी टायर कोण निवडतं? त्यांच्याकडून आजच शिकून घ्या. तुम्हाला विचारायला माणूस आहे.