करपा आणि पाच शेगड्या

आमच्या घरमालकांइतका मोकळ्या हवेवर विश्वास ठेवणारा माणूस उभ्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही. नांद्यात त्यांच्या शेताला आता चारही बाजूंनी इमारती आहेत. मधे उरलेल्या पाच गुंठ्यांत ते पावटा लावतात, आणि तो ज्या नियमांनी वाढवतात त्याच नियमांनी आम्हा पाच भाडेकरूंना सांभाळतात. दोन रोपांत अंतर हवं, तसं दोन स्कूटरींतही हवं. "वारं खेळाया पायजे, सायब. दाटी झाली की रोग आला." भर थंडीत ते आमच्या खिडक्या बाहेरून उघडून जातात. ओल्या पानांना अंग लागलं की रोग पसरतो, म्हणून दव सुकेपर्यंत वावरात कुणी शिरायचं नाही. मी ओल्या केसांनी जिन्यात भेटलो तरी ते भिंतीला चिकटतात.

यंदा हिवाळ्यात ढगाळ हवा रेंगाळली आणि एका सकाळी वावरातून हाक आली, "करपलं! अवं, समदं करपलं!" पाचही बिऱ्हाडांनी धावत जाऊन गॅस बंद केले. आमचे पोहे कच्चे राहिले, तेव्हा कळलं की पावट्यावर करपा पडलाय.

"काका, बुरशी म्हणायचं ना!" बायको म्हणाली.

"बुरशी भाकरीला येती, बाई."

मोरचूद आणि चुन्याचं औषध त्यांनी इतकं मन लावून फवारलं की टोपीसुद्धा निळी झाली. बाकीचं पीक सावरलं. एका कोपऱ्यातली रोपं मात्र गेलीच होती, आणि ती उपटून जाळल्याशिवाय रोग थांबणार नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं आणि तिथंच उभे राहिले.

"कारभारीण बियाणं ह्याच कोपऱ्यातलं राखायची. हितल्या शेंगेला गोडी लई, म्हनायची." त्या जाऊन तीन वर्षं झाली. "तुमी उपटा, सायब. माजा हात चालंना."

मी उपटू लागलो. ते पाठ फिरवून ओरडत होते, "झटकू नगा! मुळासकट घ्या! पोत्यात, पोत्यात!"

पुढे शेंगा भरल्यावर मीठ घालून उकडलेली ताटली घेऊन ते दारात आले. "बी कुटल्या वळीचं राखायचं ते ठरवायचंय. तीच गोडी हाय का सांगा."

खोटं मला जमत नाही. "काका, आम्ही गेल्या उन्हाळ्यात राहायला आलो. त्यांच्या कोपऱ्यातल्या शेंगा मी खाल्ल्याच नाहीत."

त्यांनी एक शेंग सोलली आणि दाणा बराच वेळ चावत राहिले.

"हाय," म्हणाले. जिना उतरताना थांबले, वर न बघताच म्हणाले, "आसंल."