माशांचं घर

यंदा उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी फार मागं हटलं. भिगवणजवळ गाळात उघडा पडलेला एक दगडी उंबरा मामानं मला दाखवला. "हे आमचं घर. पाणी उंबऱ्याला टेकलं तरी तुझी आई भायेर येईना." हे आई मला कधीच बोलली नव्हती. गाळाच्या त्या ओल्या, कुबट वासानं मी थेट लहानपणात, कोऱ्हाळ्याच्या आमच्या परसात जाऊन पोचले.

तिथं आम्ही घरच्यांनी मिळून एक छोटं तळं खणलं होतं. शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद त्यात अंथरला. मासे लपायला म्हणून मी तळाशी विटांचं घर रचलं. आईनंच हौसेनं त्याच्या दाराला हळदीकुंकू लावलं. मग तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, मोटर चालू केली.

पाणी त्या दारातून आत शिरलं, तशी आई अंगावरच्या साडीनिशी तळ्यात उतरली आणि भराभरा विटा बाहेर काढू लागली.

"अगं, माशांचं घर हाय ते!" तात्या हसले.

"असू द्या. भरल्या घरात कुणी पाणी सोडतं व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो. आई हसली नाही. ओट्यावर बसून ती एकेक वीट पदरानं पुसत राहिली, कोरडी होईपर्यंत.