उंच एस

ग्रंथालयात एक फार जुनं छापील इंग्रजी पुस्तक उघडलं आणि पहिल्याच ओळीत अडखळले. शब्दाच्या मधला प्रत्येक एस एफसारखा उंच, पुढे वाकलेला. शेवटचा मात्र आपला नेहमीचा. दोन पानांत डोळे सरावले, मन काही ठिकाणावर येईना. छापखान्यात या अक्षराचा शिशाचा खिळा शेवटचा कुणी उचलला असेल? आता हा पुन्हा लागायचा नाही, हे त्याला कळलं तरी असेल का? अक्षर जातं तेव्हा कुणी काही बोलत नसावं. पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, परत करून निघाले.

घरी लोणच्याच्या बरणीवर लावायला कागदावर ‘लिंबू’ लिहिलं. लेक बघत होती.

“आई, तुझा ल असा काय गं? फोनवर असा नसतो.”

माझा ल दोन पाकळ्यांचा, शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला. फोनवरचा दांडीचा.

“थांब, मी नीट लिहून देते,” म्हणत तिनं दुसरा कागद घेतला, दांडीचा ल काढला आणि बरणीवर चिकटवला. माझा कागद चुरगाळून ओट्यावरच्या सालींत टाकला.

मी शेजारीच उभी होते. काही बोलले नाही.