सगळ्यांनी पाहिलेली पिशवी

त्या वर्षी माझं अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. तालुक्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. तास संपला की मुली बाहेर पडेपर्यंत खुर्चीतून उठायची नाही. साड्याही गडद रंगाच्याच नेसायला लागले होते. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर नवऱ्याने दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाल्या, "दोन मुलं आहेत ना? मग पिशवी काढून टाकू. कटकटच नको."

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे त्याला दुसरं नाव नाही. मुडबीला, सीमाभागातल्या माझ्या सासरी, कितीतरी बायकांची पिशवी काढलेली आहे. दाढ काढल्यासारखं सांगतात. मीही मान हलवली.

मणक्यात इंजेक्शन दिलं आणि कमरेखालची मी नाहीशी झाले. जागी मात्र होते. छातीपाशी हिरवा पडदा बांधलेला. पलीकडे कुणीतरी काहीतरी ओढत होतं, उशीतून कापूस ओढावा तसं. दुखत नव्हतं. डॉक्टर आणि भूल देणारे कुठल्यातरी लग्नातल्या जेवणाबद्दल कन्नडमधून बोलत होते. मग नर्स स्टीलचा ट्रे घेऊन दाराकडे निघाली.

"कुठं नेताय?" मी विचारलं.

"घरच्यांना दाखवायला, अक्का. काढलं म्हणून."

"मला दाखवा की."

"पेशंटला न्हाई दाखवत. चक्कर येती."

बाहेर नवरा होता, सासूबाई होत्या, आणि सहज डोकावायला आलेले आमचे एक शेजारी. तिघांनीही पाहिली.

पिशवी तपासायला गुलबर्ग्याला न्यायची होती. औषधाच्या पाण्यात बुडवून, बरणीत घालून ती नवऱ्याच्या हातात दिली. बसमध्ये त्यांनी बरणी मांडीवर धरली. शेजारच्या माणसाने विचारलं, लोणचं का? हे म्हणाले, औषध. पुढे काही दिवसांनी फोन आला, वाईट काही निघालं नाही. घरात सगळ्यांना बरं वाटलं. वाईट नव्हतं तर काढली कशाला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मला काय वाटतंय ते शोधून पाहिलं, काही सापडेना.

एकदा सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, कशी होती?"

"काय कशी?"

"पिशवी."

"पेरवाएवढी हुती. लाल. कामून इचारायलीस? गेलं ते गेलं की."

नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, "मी नीट बघितलंच न्हाई."

कॉलेज सुरू झालं. अभ्यासाला एक भयकथा होती. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होऊन विहिरीवर येते, पोट धरून बसते, आणि तिला पाहणारा गडी तापाने फणफणतो. वाचून झाल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हडळ बाईच कामून असती?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. बाईच्या देहाची, तिच्या रक्ताची, जन्म देण्याच्या ताकदीची समाजाला भीती वाटते, म्हणून तिचं भूत केलं जातं. मुलींनी लिहून घेतलं. माझा आवाज शेजारच्या वर्गातून यावा तसा मला ऐकू येत होता.

ती मुलगी मात्र लिहीत नव्हती. म्हणाली, "माझ्या आईची पिशवी काढली, मॅडम. काकाला दावली, आज्जीला दावली. आईला न्हाई दावली. ती अजून पोटावर हात ठेवून बसती. ह्या हडळीवानी."

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मी विचारलं, "अजून कुणाच्या घरी?"

आधी एक हात वर आला. मग मागच्या बाकांवरून बरेच. वर्गातले मुलगे खाली मान घालून बसले. ते हात पाहताना मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

"माझीही काढलीय," मी म्हटलं. "मीही पाहिलेली नाही."

वर्गात असं काही मी आजवर बोलले नव्हते. बेल झाली, मुली दप्तरं आवरून निघाल्या. ती मुलगी टेबलाशी थांबली.

"मॅडम, दुखतंय का अजून?"

"नाही," मी म्हटलं. "काहीच होत नाही."

तिने मान हलवली, जणू आईकडूनही हेच ऐकलं असावं. मग आम्ही दोघी जिना उतरून खाली गेलो.