आम्ही आईला बसवून ठेवलं

आई पहिल्यांदा पडली तेव्हा शहात्तर वर्षांची होती. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या बाजूला कपडे धुवायची जागा आहे. तिथे साबणाच्या पाण्यावरून तिचा पाय सटकला. सकाळचे नऊ वाजले असतील. मी ऑफिसला निघत होतो. धप्पकन आवाज आला, मी धावलो, तर आई भिंतीला टेकून बसली होती आणि डावा हात उजव्या हातात धरून म्हणत होती, "काही नाही झालं, तू जा. उशीर होऊन राहिला तुला."

मनगटाचं हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, कंबर वाचली. हे 'कंबर वाचली' मी मनात धरून बसलो.

त्याआधीची आई सांगायला हवी. वडील मिलमध्ये टाइमकीपर होते. ते गेल्यावर आईने स्वतःचं वेळापत्रक आखून घेतलं होतं. सकाळी बाजारात भाजीला, दुपारी गच्चीवर काही ना काही वाळत घालायला, आणि दर बुधवारी खजराण्याच्या गणपतीला. रिक्षा ती मुद्दाम लांब सोडायची. "तेवढंच चालणं होतं," म्हणायची. गल्लीतले लोक तिला लांबूनच हाक मारायचे, "आंटीजी, आज किधर?" आणि ती न थांबता हात हलवायची.

प्लास्टर निघायच्या आत मी घर बदलून टाकलं. मागच्या जागेत खरखरीत फरशी बसवली, न्हाणीघरात आणि संडासात धरायला स्टीलचे दांडे लावले. पायपुसणी गोळा करून माळ्यावर टाकली. तिच्या झिजलेल्या स्लिपर फेकून पट्ट्यांच्या चपला आणल्या. हे सगळं बरोबरच होतं, आजही मला त्यात चूक वाटत नाही. पण मी तिथे थांबलो नाही. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. बाजार बंद, बुधवार बंद.

"आई, तुम्ही फक्त आराम करा," माझी बायको म्हणाली. ती शाळेत शिकवते, दुपारी तीनला घरी येते. तोवर आई एकटी.

"आराम करून करून किती करू?" आई म्हणाली. "मी काय काचेची आहे?"

"तू पुन्हा पडलीस तर काय करायचं आम्ही?" मी जरा चढ्या आवाजात बोललो. तिला आमच्यावर भार व्हायचं नव्हतं, आणि मी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं.

मग मी पुढच्या खोलीत कॅमेरा लावला. पलासिया भागातल्या माझ्या ऑफिसात बसून मला मोबाइलवर आई दिसायची. त्या कॅमेऱ्यातून बोलताही यायचं. ती खुर्चीतून उठताना दिसली की मी लगेच म्हणायचो, "आई, बस. काय हवंय? थांब, ही येईलच आता." भिंतीवरून माझा आवाज आला की ती दचकायची आणि पुन्हा बसायची. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणायचा, "भिया, माँ की सेवा हो तो ऐसी." मला बरं वाटायचं.

तीन-चार महिन्यांत तिची सवय बदलली. उठण्याआधी ती कॅमेऱ्याकडे बघून विचारू लागली, "उठू का रे?" मी घरात समोर बसलेलो असलो तरी विचारायची. आम्ही हसायचो.

एका दुपारी ऑफिसात लांबलेली मीटिंग होती, फोन बाजूला ठेवलेला. संध्याकाळी घरी आलो तर बायको आईची साडी धूत होती. आई म्हणाली, "पाणी सांडलं माझ्या हातून." बायकोने माझ्याकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली.

जेवणाआधी मी त्या दुपारचं रेकॉर्डिंग काढून बघितलं. आई वर बघून विचारते, "उठू का?" थोडं थांबते. पुन्हा विचारते. मग खुर्चीचे हात धरून उठायला बघते, अर्धी उठते, पाय थरथरतात, आणि बसते. तिसऱ्यांदा तिने विचारलं ते हळू आवाजात. त्यानंतर तिने विचारलं नाही. पदर मांडीवर ओढून घेतला आणि दाराकडे बघत बसली.

मी कॅमेरा काढला. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमना घरी बोलावलं. त्यांनी आईला खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. तिला जमलं नाही. त्यांनी तिच्या मांडीला हात लावून पाहिला आणि मला विचारलं, "गिरने के बाद से कितना चलती हैं?"

"चलने कहाँ देते हैं हम," मी म्हणालो.

"घर आपने बहुत अच्छा कर दिया," त्या म्हणाल्या. "लेकिन पैर तो बैठे-बैठे गल गए ना. पैरों में जान होगी तभी तो सँभलेंगी." आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मग आम्ही सुरुवात केली. खुर्चीतून उठणं-बसणं, सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. टेबल धरून टाचा उचलणं. दांडा धरून ओसरीतून दारापर्यंत. आई सगळं करायची, शाळेतल्या मुलीसारखी मोजत करायची. पण मधेच थांबून माझ्या तोंडाकडे बघायची. तिचा स्वतःच्या पायांवरचा भरवसा उडाला होता आणि तो आम्हीच घालवला होता. एकदा ती दारापर्यंत गेली, उंबरठ्याशी उभी राहिली. गल्लीतून कोणीतरी ओळखून हाक मारली. तिने हात हलवला नाही. दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली होती.

थंडीत तिला छातीचा संसर्ग झाला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगात ताकदच उरलेली नाही, झोपून-बसून राहिलेल्या माणसाला खोकून कफ काढणंही जमत नाही. अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. त्या पहिल्या पडण्यानंतर ती एकदाही पडली नव्हती.

तेराव्याला घर भरलं होतं. एक लांबची मावशी माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही दोघांनी फार जपलं रे तिला. आजकाल कोण करतं एवढं?" बायको आत निघून गेली.

"वय झालं होतं," मी म्हणालो. आणखी काही बोलायला तोंड उघडलं होतं, पण मावशीच्या हातात कोणीतरी ताट दिलं आणि ती पंगतीकडे वळली.