बायकोची सही

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाला सारी पेठ ‘वळणदार’ म्हणे. अक्षर असे, की दात उपटणाऱ्याच्या पाटीपाशीही माणूस हसत उभा राहावा! देवाने हाताला दिलेले हे दान त्याने उधळले ते बायकोवर. तिचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लग्नानंतर पहिल्यांदाच सही करताना ती अडखळली, तेव्हा हा म्हणाला, “दे इकडे, मी आहे ना.” तेव्हापासून मुलीच्या प्रगतिपुस्तकापासून टपालाच्या पोचपावतीपर्यंत नाव तिचे, हात याचा. प्रेमच होते हो ते, निखळ प्रेम! पण त्या प्रेमापायी तिची लेखणी सुटली, हे त्याच्या ध्यानीच आले नाही.

परदेशी असलेल्या मुलीचे दिवस भरत आले. आईने निघायचे ठरले. नवा पासपोर्ट आला, त्यात धारकाच्या सहीची चौकट कोरी. वळणदाराने ती सवयीने भरली. खाली एक झोकदार रेघही ओढली.

विमानतळावर अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. “मावशी, इथे सही करा.”

तिने केली. त्याने दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. “पासपोर्टवरची सही तुमची नाही.”

“माझीच की. म्हणजे, ह्यांनी केलेली.”

“मग प्रवासही त्यांनीच करायचा का? हा पासपोर्ट चालायचा नाही, मावशी. नवा काढावा लागेल.”

विमान गेले. घरी फोन वाजला, तो वळणदारानेच उचलला. “चूक माझी आहे, बाळा.”

पलीकडून हळूच आवाज आला, “मला आई हवी होती, बाबा.”

नवा पासपोर्ट हाती येण्याआधीच नात जन्मली. कळांमध्ये मुलीने हात धरला, तो एका अनोळखी परिचारिकेचा.

पासपोर्ट आला तेव्हा त्याने पेन बायकोपुढे ठेवले आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. ती एकेक अक्षर जपून लिहीत होती. अक्षरे कलत होती, आणि सरळ करण्यासाठी याची बोटे शिवशिवत होती.

“वाकडी झाली का हो?”

“नाही.”

“खोटारडे!” ती हसली. त्याला हसता आले नाही. शाई वाळेपर्यंत तो त्या सहीकडे पाहत राहिला; मग म्हणाला, “मी इतकी वर्षं तुला लिहूच दिलं नाही गं.”

“आता ब्याग भरायला तरी द्याल का?” ती म्हणाली, आणि उठली.