मडक्यांच्या गाड्यावरची उडी

मंडळी, वीस वर्षं एकाच उडीवर हसणारी माझी आई आज त्याच उडीला घाबरली.

आम्ही सिरसाळ्याचे. हिंदीत डब केलेल्या एका विनोदी कुंगफू पिक्चरची सीडी आम्ही अक्षरशः झिजवली. हिरो छपरावरून मडक्यांच्या गाड्यावर पडला की आई पदर तोंडाला लावून हसायची.

आज त्याच पिक्चरची डीव्हीडी पार्सलनं आली. जेवणं झाल्यावर दुपारीच लावली. जुन्या सीडीत मारामारी संपली की पिक्चर खलास. हिच्यात मात्र शेवटी नावं येताना शूटिंगमधल्या चुका दाखवल्यात. तीच उडी, पण हिरो गाड्याच्या बाहेर आपटला. पाय धरून कळवळला. चौघांनी उचलून नेला.

आई म्हणाली, "ह्याला खरंच लागलतं व्हय? आन् मी इतकी वर्सं हसत बसले. लाव पुन्यांदा."

लावला. हिरो छपरावर चढला तशी ती पुटपुटली, "हळू रे लेकरा."

तो बरोबर मडक्यांत पडला, तेव्हा कुठं हसली.

तुमच्या घरात पडद्यावरच्या माणसाला असं कोण सांभाळतं?